पिवळा उघडा पडतो, लाल घडवावा लागतो: शरदाच्या सुरुवातीला पानांचे रंग का बदलतात

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर आणि मेन या राज्यांत ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अजून चांगलाच उन्हाळा असतो. दुपारी घाम फुटतो, तळ्यांवर पोहणाऱ्यांची गर्दी असते, शेतात मका आणि टोमॅटो काढणीला आलेले असतात. नेमक्या अशाच दिवसांत दलदलीच्या काठावरच्या एखाद्या लाल मेपलची एकच फांदी शेंदरी होते आणि बाकीचे झाड मात्र हिरवेगार राहते. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत हा रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून दरीकडे पसरत जातो, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सगळे रान पिवळे, नारिंगी, किरमिजी झालेले असते.

या बदलाचे सर्रास दिले जाणारे कारण असे की थंडी पडली की पाने मरू लागतात आणि मरताना रंग बदलतात. हे कारण जवळजवळ उलटे आहे. पहिली फांदी रंगते तेव्हा थंडी पडलेलीच नसते, आणि रंगलेल्या पानाच्या पेशी तर जिवंत असतात. एवढेच नव्हे, त्या पेशी त्यांच्या आयुष्यातील एक फार नाजूक काम त्या वेळी पार पाडत असतात. शिवाय पिवळा आणि लाल हे दोन रंग एकाच वेळी, एकाच झाडावर दिसत असले तरी त्यांचे मूळ पूर्णपणे वेगळे आहे. पिवळा रंग पानात वसंतापासूनच असतो आणि हिरवा सरला की उघडा पडतो. लाल रंग मात्र पान गळण्याच्या थोडे आधी, साठवलेली साखर खर्चून, नव्याने तयार केला जातो. टाकून द्यायच्या पानावर झाडाने असा खर्च का करावा, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

प्रथम ऋतुबदलाची वर्दी झाडाला कशी मिळते ते पाहू. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे वर्षभरात दिवस लहानमोठा होतो, आणि विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका हा फरक वाढतो. मुंबईत सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. बॉस्टनमध्ये हेच आकडे सव्वापंधरा तास आणि जेमतेम नऊ तास असे आहेत. 22 किंवा 23 सप्टेंबरला, जेव्हा दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात, त्या सुमारास बॉस्टनचा दिवस रोज जवळजवळ तीन मिनिटांनी आखडत असतो. मुंबईत ही घट रोजची जेमतेम एक मिनिटाची असते. म्हणजे न्यू इंग्लंडच्या, म्हणजेच अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातील, झाडाच्या दृष्टीने उन्हाळ्याचा उतार 21 जूनलाच सुरू झालेला असतो. हवेचे तापमान मात्र जमीन आणि समुद्र तापायला वेळ लागत असल्यामुळे जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चढत राहते आणि ऑगस्टभर टिकून असते. माणूस घामावरून ऋतू ओळखतो, त्यामुळे त्याला शरदाची चाहूल उशिरा लागते.

झाड प्रकाशाकडे, किंबहुना अंधाराच्या लांबीकडे लक्ष ठेवते. वनस्पती दिवसाची लांबी मोजतात ही गोष्ट अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी 1920 साली मांडली. त्यांच्यासमोर तंबाखूचा एक वाण होता, जो उन्हाळ्यात नुसताच उंच वाढत राही आणि काही केल्या फुलत नसे. दिवसाचा प्रकाश कृत्रिम रीतीने कमी करताच त्याला फुले आली. पुढे पानांतील फायटोक्रोम या प्रथिनाचा शोध लागला. ते तांबड्या प्रकाशात एक रूप घेते आणि अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपाकडे वळते, त्यामुळे रात्र किती तासांची झाली याची नोंद पेशींना मिळते. याचा एक साधा पुरावा शहरात सहज पाहायला मिळतो. रस्त्यावरच्या दिव्याला अगदी लागून असलेल्या फांद्यांवरची पाने त्याच झाडाच्या अंधारातील फांद्यांपेक्षा पुष्कळदा उशिरा गळतात. 1936 साली अमेरिकेत या निरीक्षणावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला होता.

दिवसाची लांबी हा भरवशाचा संकेत आहे, कारण ती दरवर्षी त्याच तारखेला तीच असते. हवा मात्र एखाद्या सप्टेंबरात उबदार असते, एखाद्यात गार. म्हणून रंगबदल साधारण कोणत्या पंधरवड्यात व्हायचा हे मुख्यतः प्रकाश ठरवतो आणि त्या पंधरवड्यात तो थोडा अलीकडे की पलीकडे, फिका की गडद, हे त्या वर्षीचा पाऊस, ऊन आणि रात्रीचा गारवा ठरवतात.

पण मुळात पाने टाकायचीच कशाला? रुंद, पातळ पान उन्हाळ्यात अन्न बनवण्यासाठी उत्तम असते, पण त्याच्या पृष्ठभागावरून पाणी सतत बाष्परूपाने उडून जाते. हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठले की मुळांना ते शोषता येत नाही, आणि पाने तशीच राहिली तर झाड वाळून जाईल. पानाच्या कोवळ्या पेशी गोठूनही फुटतात. तिसरे कारण बर्फाच्या भाराचे आहे, आणि ते 2011 मध्ये सगळ्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्या वर्षी 29 आणि 30 ऑक्टोबरला ईशान्य अमेरिकेत मोठे हिमवादळ आले, तेव्हा बऱ्याच झाडांवर पाने शिल्लक होती. ओला, जड बर्फ पानापानावर साचला, फांद्या कडाकड मोडून तारांवर पडल्या आणि तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. हेच वादळ दोन-तीन आठवड्यांनी उघड्या फांद्यांवर आले असते, तर इतकी मोडतोड झाली नसती. पाइन, स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांची पाने बारीक आणि मेणचट असल्यामुळे त्यांना ही अडचण कमी भासते. अपवाद टॅमरॅक या लार्च जातीच्या झाडाचा, जे सूचिपर्णी असूनही शरदात सोनेरी होऊन निष्पर्ण होते.

पान टाकायचे ठरले तरी त्यातला ऐवज टाकून देणे झाडाला परवडत नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस ही द्रव्ये रानातल्या जमिनीत तुटपुंजी असतात आणि मुळांनी ती वर्षभर कष्टाने गोळा केलेली असतात. पानातील नायट्रोजनाचा सर्वांत मोठा साठा प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनांत असतो. त्यामुळे शरदाच्या आरंभी पानाच्या पेशी ही प्रथिने सुटी करतात, त्यांचे लहान रेणू शिरांमधून खोडात आणि मुळांत रवाना करतात, आणि तेथे ती पुढच्या वसंतासाठी साठवली जातात. पानातील साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक नायट्रोजन अशा रीतीने परत जातो. भाड्याचे घर सोडताना माणूस भिंतीवरचे खिळेसुद्धा उपटून नेतो, तसा हा प्रकार आहे.

या आवराआवरीत हरितद्रव्य आडवे येते. हरितद्रव्याचा रेणू मॅग्नेशियमच्या एका अणूभोवती नायट्रोजनचे चार अणू अशा कडीच्या रचनेचा असतो. तो निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेतो आणि हिरवा बराचसा परत फेकतो, म्हणून पान हिरवे दिसते. उन्हाळ्यात हे रेणू सतत झिजतात आणि पान नवे बनवत राहते, त्यामुळे हिरवा रंग टिकून असतो. दिवस लहान होऊ लागले की नवे बनवणे मंदावते. पण उरलेले हरितद्रव्य नुसते सोडून देता येत नाही, कारण प्रथिनांच्या पकडीतून मोकळा झालेला हा रेणू ऊन पडताच शोषलेली ऊर्जा भलतीकडेच सोपवतो आणि पेशीला जाळणारे ऑक्सिजनचे घातक रूप तयार होते. म्हणून पेशी त्याची कडी तोडून, टप्प्याटप्प्याने त्याचे निरुपद्रवी, रंगहीन पदार्थ करते.

हे रंगहीन अवशेष बराच काळ कोणाला सापडत नव्हते. पृथ्वीवर दर शरदात एवढे हरितद्रव्य नाहीसे होते आणि ते जाते कोठे हे रसायनशास्त्राला सांगता येत नव्हते. फिलिप माटिल आणि बर्नहार्ड क्रॉयटलर यांच्या संशोधकगटांनी 1991 मध्ये सातूच्या पानातून त्यातील पहिल्या अवशेषाची रचना उलगडली, तेव्हा हा मार्ग उजेडात आला. यातील एक तपशील मला विशेष लक्षात घेण्याजोगा वाटतो. हरितद्रव्यातील नायट्रोजनाचे ते चार अणू झाड परत घेतच नाही. ते पेशीतच, पाण्याने भरलेल्या कप्प्यात, पडून राहतात आणि पानाबरोबर गळतात. हरितद्रव्य मोडण्याचा हेतू त्याला चिकटून असलेली प्रथिने मोकळी करणे हा असतो. ‘झाड पानातले हरितद्रव्य परत शोषून घेते’ हे वाक्य पुस्तकांत वारंवार आढळते, पण ते बरोबर नाही.

हिरवा पडदा विरला की पिवळा रंग दिसू लागतो. हा रंग कॅरोटिनॉइड गटातील द्रव्यांचा असतो. ती वसंतापासून हरितद्रव्याच्या शेजारीच असतात, प्रकाश गोळा करण्यास मदत करतात आणि जादा ऊर्जा निचरून टाकतात. परंतु हिरव्याच्या प्राबल्यापुढे ती डोळ्यांना जाणवत नाहीत. त्यांचे विघटन सावकाश होते, म्हणून ती मागे राहतात. दसऱ्याला आपण जे झेंडू दाराला लावतो त्यांचा पिवळा रंग ल्युटीन या द्रव्याचा असतो, आणि हेच द्रव्य बर्चच्या पिवळ्या पानातही असते. बर्च, हिकरी, अॅस्पेन आणि बीच हे वृक्ष प्रामुख्याने पिवळे होतात. पिवळ्या रंगाबाबत फारसे गूढ नाही.

लाल रंगाची गोष्ट निराळी आहे. तो अँथोसायनिन या द्रव्यांमुळे येतो. जांभूळ, काळी द्राक्षे, कोकम आणि तांबडी जास्वंद यांना रंग देणारी द्रव्ये याच कुळातील आहेत. ती हरितद्रव्यासारखी हरितलवकात, म्हणजे पेशीतील प्रकाशसंश्लेषणाच्या कप्प्यात, राहत नाहीत, तर पेशीच्या मध्यातील आम्लयुक्त रसात विरघळलेली असतात, आणि आम्लतेमुळेच ती निळी न दिसता लाल दिसतात. मॅसॅच्युसेट्समधील पीटरशॅम येथे हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधन-वन आहे. तेथे डेव्हिड ली, जॉन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडे-झुडपांच्या 89 प्रजातींची शरदातील पाने तपासली आणि 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी 62 प्रजातींत अँथोसायनिन आढळले आणि ते पाने म्हातारी होतानाच नव्याने तयार झालेले होते. म्हणजे निदान या रानापुरता लाल रंग हा अपवाद नाही, तो बहुसंख्य प्रजातींचा रिवाज आहे.

कोणतेही एक लाल मेपलचे पान हातात घेऊन नीट पाहिले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. वरची बाजू गडद लाल असते आणि खालची फिकी, कारण रंग वरच्या थरातील पेशींत, जेथे ऊन थेट पडते तेथे, अधिक साठतो. पानावर शेजारच्या दुसऱ्या पानाची सावली सतत पडत असेल तर त्या सावलीच्या आकाराचा पिवळा ठसा उमटलेला दिसतो. त्याची कड इतकी रेखीव असते की कात्रीने कापून चिकटवल्यासारखी वाटते. शिरांच्या कडेने थोडा हिरवा अजून रेंगाळत असतो, कारण तेथील वाहतूक शेवटपर्यंत चालू ठेवावी लागते. आणि जेथे हिरवा व लाल एकत्र आहेत तेथे पान काळपट तांबूस दिसते. हे शेवटचे निरीक्षण फार महत्त्वाचे आहे: लाल रंग हिरवा संपल्यानंतर येत नाही, हिरवा असतानाच, आवराआवरी ऐन भरात असताना येतो. शुगर मेपलच्या ज्या जळत्या नारिंगी रंगासाठी लोक लांबून येतात, तो पिवळ्यावर लाल चढल्यामुळे झालेला मिश्र रंग आहे.

सावलीतील तो पिवळा ठसाच लाल रंगाच्या उपयोगाबद्दलचा आज सर्वांत भक्कम वाटणारा तर्क सुचवतो. आवराआवरीच्या काळात साखर बनवणारी यंत्रणा मोडीत निघालेली असते, पण उरलेले हरितद्रव्य ऊन शोषतच असते. त्यातून गार रात्रीनंतर लख्ख ऊन पडले तर शोषलेल्या ऊर्जेला वाटच उरत नाही आणि पेशींची नासाडी होऊ लागते. पेशी वेळेआधी मेल्या तर नायट्रोजन शिरांमधून पोहोचण्याआधीच अडकून पडतो. अशा वेळी वरच्या थरातील लाल द्रव्य प्रकाशाचा काही भाग स्वतःकडे अडवते आणि खालच्या पेशींना काम पुरे करण्यास अवधी देते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी 2003 मध्ये याची परीक्षा घेतली. त्यांनी तीन प्रजातींची लाल होणारी झुडपे आणि त्याच प्रजातींची, अँथोसायनिन बनवू न शकणारी झुडपे शेजारीशेजारी थंडीत आणि प्रखर प्रकाशात ठेवली. लाल रंग नसलेल्या झुडपांना पानांतील नायट्रोजन कमी प्रमाणात परत मिळवता आला.

दुसरा तर्क कीटकांशी निगडित आहे. उत्क्रांतीशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन आणि सॅम ब्राउन यांनी 2001 मध्ये असे सुचवले की भडक रंग ही मावा किडीला दिलेली सूचना असावी: हे झाड धडधाकट आहे, येथे अंडी घालशील तर वसंतात पिलांचा निभाव लागणार नाही. हॅमिल्टन यांचे त्याच्या आदल्या वर्षीच निधन झाले होते, त्यामुळे हा लेख त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. मावा खरोखरच शरदात झाडे शोधून अंडी घालतो आणि सफरचंदाच्या झाडांवरील पुढील अभ्यासात लाल पानांची झाडे मावा टाळतो असे दिसूनही आले. मात्र मावा किडीच्या डोळ्यांना लाल रंग आपल्याला दिसतो तसा दिसत नाही, त्यामुळे ती सूचना वाचते की तिला पान केवळ कमी आकर्षक वाटते, यावर मतभेद आहेत. माझ्या मते दोन तर्क एकमेकांना छेद देत नाहीत. पण सावलीचा ठसा, पानाच्या वरच्याच बाजूचा गडदपणा आणि उन्हाकडील फांद्या आधी रंगणे, या तिन्ही गोष्टींचा उलगडा पहिल्या तर्काने सरळ होतो आणि दुसऱ्याने होत नाही.

ऑगस्टमधील त्या एकट्या फांदीकडे आता वळता येईल. अँथोसायनिन साखरेपासून बनते, त्यामुळे ज्या पानात साखर अडकते ते लवकर लाल होते. व्हरमाँटमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शुगर मेपलच्या फांद्यांची साल गोलाकार काढून साखरेची बाहेर जाणारी वाट बंद करण्यात आली. त्या फांद्यांच्या पानांत साखर साचली आणि लालीही वाढली. रानात हेच काम किडीची जखम, मोडलेली साल किंवा बुरशी करते. पानांत नायट्रोजन कमी असलेले शुगर मेपलही लवकर आणि अधिक लाल होतात असे आढळले आहे. दलदलीत मुळांना हवा कमी मिळते, म्हणून तेथील लाल मेपल ताणाखाली असतात आणि पहिली फांदी बहुधा तेथेच रंगते. तेव्हा ऑगस्टचा लाल रंग हा ऋतूच्या आगमनापेक्षा त्या झाडाच्या त्रासाचा निदर्शक अधिक असतो. अंगणातील मेपल दरवर्षी शेजारच्या झाडांपेक्षा पंधरा दिवस आधी रंगत असेल, तर त्याचे कौतुक करण्याबरोबर त्याचे खोड आणि मुळांभोवतीची माती तपासून पाहणे शहाणपणाचे ठरते.

उत्तम रंगाच्या वर्षाचा हवापाण्याशी असलेला संबंधही यातून कळतो. दिवसा लख्ख ऊन असेल तर साखर भरपूर बनते. रात्र गार, पण गोठणबिंदूच्या वर असेल तर ती पानातून बाहेर जाण्याचा वेग मंदावतो. आणि दोन्ही मिळून लाल रंग खुलतो. ढगाळ, उबदार सप्टेंबरात पिवळा नेहमीसारखाच येतो, कारण तो आधीच तेथे असतो, पण लाल फिका पडतो. कडक हिवाचा तडाखा लवकर बसला तर पेशी मरतात आणि पाने थेट तपकिरी होतात. तीव्र अवर्षणातही पाने रंगण्याआधीच करपून गळतात. ओकच्या पानांचा तपकिरी रंग मागे उरणाऱ्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे येतो.

देठाच्या बुडाशी या काळात एक वेगळीच तयारी चाललेली असते. तेथे पेशींचा एक पातळ थर वसंतापासूनच असतो. पान तरुण असते तोवर ते ऑक्सिन हे संप्रेरक देठातून सतत खाली पाठवत राहते आणि तो थर घट्ट राहतो. पान म्हातारे झाले की ऑक्सिनचा पुरवठा घटतो, इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचा प्रभाव वाढतो, आणि त्या थरातील पेशींना जोडून ठेवणारी द्रव्ये विरघळू लागतात. झाडाच्या बाजूने मात्र त्याच वेळी बुचासारखा संरक्षक थर तयार होतो, त्यामुळे पान सुटल्यावर जखम उघडी राहत नाही. अखेर वाऱ्याची झुळूक किंवा पानाचे स्वतःचे वजनही पुरते. पाने नुकतीच गळलेल्या मेपलच्या फांदीवर पाहिले तर देठाच्या जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा अरुंद वण दिसतो आणि त्यात शिरा तुटल्याचे तीन ठिपके असतात. त्या वणाच्या लगेच वर पुढच्या वर्षीचा डोळा असतो. तो शरदात आलेला नसतो, उन्हाळ्यातच तयार झालेला असतो. ओक आणि बीच या वृक्षांत हा थर अर्धवट राहतो, म्हणून त्यांची वाळलेली पाने हिवाळाभर फांद्यांना चिकटून खडखडत राहतात.

रंगाचा प्रवास ठरलेल्या वाटेने होतो. मेनचा उत्तर भाग आणि व्हरमाँटचे उंच डोंगर सप्टेंबरअखेरीस रंगतात, न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटनमधून जाणारा कँकमॅगस रस्ता ऑक्टोबरच्या पूर्वार्धात भरात असतो, बॉस्टनचा परिसर ऑक्टोबरच्या मध्यानंतर, आणि न्यू जर्सी ऑक्टोबरअखेरीस. न्यू जर्सीतील एडिसन आणि आसपासच्या गावांतील मराठी कुटुंबे ‘फॉल कलर’ पाहायला उत्तरेकडे जातात ती बहुधा नवरात्र ते दिवाळी या दिवसांत. त्यांना एक कळकळीची सूचना कराविशी वाटते. रानातल्या पायवाटेच्या कडेला, झाडांच्या बुंध्यांवर चढलेली, तीन-तीन पानांचा जुडगा असलेली एक वेल सर्वांत आधी आणि सर्वांत सुंदर लाल होते. ती पॉयझन आयव्ही असते. तिच्या तेलाने अंगावर खाजरे, पाणीदार फोड येतात, आणि लाल पानातही ते तेल असते. मुलांना पाने गोळा करू देण्याआधी ही वेल त्यांना ओळखायला शिकवावी.

हवामान तापत चालल्याचा या वेळापत्रकावर परिणाम होतो आहे, पण तो एकाच दिशेने होत नाही. उत्तर गोलार्धातील वृक्षांवरील 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की 21 जूनच्या आधी वाढलेली उष्णता पानांचे म्हातारपण अलीकडे ओढते, तर त्यानंतरची उष्णता ते पुढे ढकलते. वसंत लवकर आला म्हणून लवकर कामाला लागलेले पान लवकर थकते, आणि उबदार सप्टेंबर त्याला थोपवून धरतो. प्रत्यक्षात रंग कधी येणार हे या दोन ओढींवर ठरते.

आपल्याकडे आश्विन-कार्तिकातील शरदात सह्याद्रीवर पावसाळ्याची हिरवाई उतरणीला लागलेली असते, पण पानगळ नसते. ती माघ-फाल्गुनात येते, आणि तिचे कारण थंडी नसून पाण्याची टंचाई हे असते. साग, सावर, पांगारा आणि पळस पाने टाकतात कारण पावसाळ्यापर्यंत जमिनीतले पाणी त्यांना पुरवून वापरायचे असते. बहुतेकांची पाने पिवळी किंवा तपकिरी होऊन गळतात. ठळक अपवाद देशी बदामाचा. कोकणात आणि मुंबईच्या रस्त्यांवर जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास त्याची मोठाली पाने गळण्यापूर्वी गडद लाल होतात, आणि तो लाल अँथोसायनिनचाच असतो.

आपल्या रानात लाल रंग मुख्यतः दुसऱ्या टोकाला, पालवीत दिसतो. कुसुंबाची वसंतातील पालवी किरमिजी असते, पिंपळाची तांबूस गुलाबी, आंब्याची तांबटसर. कोवळ्या पानात प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा अजून उभी राहत असते, तर शरदातील मेपलच्या पानात ती मोडली जात असते. दोन्ही वेळी ऊन जास्त आणि ते वापरण्याची ताकद कमी अशी स्थिती असते. पालवीतला लाल रंग कोवळ्या पानाला उन्हापासून जपतो हा तर्क येथेही मांडला जातो, आणि बुरशी व पाने खाणारे कीटक यांच्यापासून संरक्षण हाही. ज्यांना हे स्वतः पडताळून पाहायचे असेल त्यांनी मार्चमध्ये कुसुंबाची एक फांदी निवडून खूण करावी, उन्हातील आणि सावलीतील पालवीचा रंग दर दोन-तीन दिवसांनी तारखेसह टिपावा आणि ती हिरवी कधी होते ते लिहून ठेवावे. भारतात ‘सीझनवॉच’ या उपक्रमात नागरिक एखादे झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले आणि फळे यांची नोंद करतात, आणि शाळांतील मुलेही त्यात भाग घेतात.